ट्रेलरच्या बाहेरचे दोन स्पीकर

चाकांवरच्या खोलीला बाहेरून स्पीकर लावावेत की लावू नयेत, हे मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी मत दिलं. "आत पाय पसरायला जागा नाही आणि बाहेर भोंगे कसले लावताय?" मी म्हटलं. लेक हसली, जावई हसला. आमचे हे हसले नाहीत, कारण त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं.

जावई लोअर परळच्या एका ऑफिसात आठवडाभर काचेआड बसतो. सुट्टीला त्याला उघड्यावर जायचं असतं. त्यानं एक जुना कॅम्पिंग ट्रेलर विकत घेतला, म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची पत्र्याची खोली. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण वर केलं की स्वयंपाकाचा ओटा, आणि एका बाजूनं ओढून काढायचं ताडपत्रीचं छप्पर. आमची निम्मी हयात दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत गेली. ती चाळ पाडून करी रोडला टॉवर झाला, आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो, घरात दोन बाथरूम आली. आणि आता हा जावई हौसेनं परत एवढ्याशा खोलीत राहायला निघाला होता. मी कपाळाला हात लावला. पण मनातून मला ती खोली आवडली होती. आत प्रत्येक वस्तूला तिची जागा होती, पोळपाट-लाटणंसुद्धा पट्ट्यानं बांधलेलं होतं.

त्याला बाहेर स्पीकर हवे होते. त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे मी आता कबूल करते. अशा ट्रेलरमध्ये माणसं आत फक्त झोपतात. बसणं, रांधणं, जेवणं, गप्पा, सगळं बाहेर छपराखाली. गाणी आत लावून दार उघडं ठेवावं तर डास घरात. मोबाईल पातेल्यात ठेवून ऐकावं तर गायकाला पडसं झाल्यासारखं वाटतं. सुटा स्पीकर न्यावा तर तो वाळूत पडतो, नाहीतर घरीच राहतो. बाहेर एकदा पक्के बसवले की कटकट मिटली. आणि हे काम कोण करणार, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. "बाबा आहेत की," जावई म्हणाला.

बाबा म्हणजे आमचे हे. ह्यांचा धंदा लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचा. लालबागच्या एका गल्लीत गाळा होता. सत्यनारायण असो, बारसं असो, जयंतीची मिरवणूक असो की गणपतीचे दहा दिवस, माईक आणि कर्णे ह्यांचे. लग्न होऊन मी आले तेव्हा पलंगाखाली माझ्या ट्रंकेसाठी जागा नव्हती, तिथे दोन कर्णे होते. "ते हलवू नको गो," सासूबाई म्हणाल्या, "तुझी ट्रंक वर ठेव." त्या दिवसापासून माझं आणि कर्ण्यांचं सवतीचं नातं. मोठमोठ्या डीजेच्या भिंती आल्या तसा ह्यांचा धंदा बसला. त्या भिंती ह्यांनी कधी घेतल्या नाहीत. छाती हादरवणं म्हणजे आवाज नव्हे, असं म्हणायचे. शेवटी गाळा गेला, कर्णे गेले आणि हे घरी बसले.

पण माणूस कामाचा पक्का, हे सवतसुद्धा नाकारणार नाही. कर्णा बांधायच्या आदल्या दिवशी हे त्या चाळीत, त्या गल्लीत घरोघर जायचे. कुणी आजारी आहे का? घरात तान्हं आहे का? कुणाचं पोर दहावीला आहे का? कुणाकडे दुखवटा आहे का? सगळं डोक्यात ठेवायचे आणि त्या हिशेबानं कर्ण्याची तोंडं फिरवायचे. एका वर्षी एक गिरणी कामगार घरातच शेवटचे दिवस मोजत होता. त्याची खिडकी मंडपासमोर. ह्यांनी दहाही दिवस कर्ण्याचं तोंड गिरणीच्या भिंतीकडे ठेवलं. मंडळाची पोरं खवळली, लोकांना आरती ऐकू येत नाही म्हणाली. हे म्हणाले, "गणपतीला ऐकू येते ना? तो समोरच बसलाय." आमच्या भागात हे काम असं करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. ह्यांच्या तोंडावर मात्र मी हे कधी बोलले नाही.

आणि बोलले असते तरी अलीकडे उपयोग नव्हता. तीस-पस्तीस वर्षं कर्ण्याच्या शेजारी बसून ह्यांचे कान गेले होते. सगळे नाहीत, अर्धे. परळच्या एका डॉक्टरांकडे मी ह्यांना ओढत नेलं, तेव्हा त्यांनी कागदावर एक उतरती रेघ काढून दाखवली. जाड आवाज ठीक आहेत, म्हणाले, बारीक आवाज गेलेत. कुकरची शिटी, दाराची बेल, पाखरं, बायकांचं बोलणं. म्हणजे सोय बघा! वॉचमनचं ऐकू येतं, सेक्रेटरीचं ऐकू येतं, बायकोचं तेवढं येत नाही. शेजारणींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, हा रोग आमच्या घरीही आहे. त्या हसल्या, मीही हसले.

घरी आल्यावर हसू येत नसे. सुरुवातीला मी ओरडून बोलायचे. ओरडून फक्त भांडणाचं बोलता येतं, साधं बोलता येत नाही. "आज भाजीवालीच्या सुनेला मुलगी झाली" हे कुणी ओरडून सांगतं का? हळूहळू मी बोलणं कमी केलं. दिवसाला पाच-सहा वाक्यांवर आले. वाढलंय. दार लावा. गोळी घेतली का. घर एवढं मोठं, आणि त्यात माझा आवाज मलाच परका वाटायला लागला. मला त्यांचा राग यायचा, आणि राग येतो म्हणून स्वतःचाही यायचा.

डॉक्टरांनी कानाला मशीन लावायला सांगितलं होतं. ह्यांनी साफ नकार दिला. "साउंडवाल्यानं कानात मशीन घालायचं म्हणजे न्हाव्यानं विग घालून दुकानात बसायचं," म्हणाले. कान हेच ह्यांचं हत्यार. ते बोथट झालं हे मान्य केलं तर उरलं काय, अशी ती भीती होती. ती मला कळत होती, आणि कळूनही माझा हट्ट सुटत नव्हता.

ज्या दिवशी जावयानं काम सांगितलं, त्याच संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "ऐक. हे काम मी माझ्या कानानं करणार. एकानं जरी आवाजाबद्दल तक्रार केली, तरी तू म्हणशील ते मशीन घालीन. नाही केली, तर परत तो विषय काढायचा नाही." मी मान डोलावली. पैज मी मनापासून घेतली होती. मात्र ह्यांचं काम फसावं अशी इच्छा कशी करायची, हे मला कळेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशातली गत.

ट्रेलर आमच्या टॉवरच्या कंपाउंडात, पंपरूमच्या बाजूला उभा होता. पहिल्याच दिवशी हे वही न घेता, नुसते हात मागे बांधून त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. जावयाला चार स्पीकर, एक बासचा डबा आणि रंगीत दिवे हवे होते. हे म्हणाले, "जावईबापू, नाकापेक्षा मोती जड होईल. वरात काढायचीय का?" मग त्याला शेजारी बसवून एकेक गोष्ट समजावली. बाहेर स्पीकर म्हणजे पत्र्याला भोक, आणि भोक म्हणजे पावसात आत पाणी. समुद्रावर खारी हवा, जाळी सहा महिन्यांत गंजते. बॅटरी तेवढीच, गाण्यानं खाल्ली तर पंखा बंद. रस्त्यात गाडी उभी असताना कुणी उपटून नेईल ते वेगळंच. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हाताशी बटण असलं की माणसाचा हात ते वाढवायलाच जातो. "एवढे तोटे आहेत, तर लावू नये का?" जावयानं विचारलं. "लावावेत," हे म्हणाले, "पण बसलेल्या माणसांसाठी. गावासाठी नाही."

पुढचे आठ दिवस ह्यांना जेवणाची शुद्ध नव्हती. लॅमिंग्टन रोडला तीन खेपा झाल्या. बोटीवर लावतात ते पाण्याला न भिणारे दोन लहान स्पीकर आणले, जाळी गंजणार नाही अशी. पत्र्याला नवं भोक पाडलंच नाही. छपराच्या दिव्यासाठी आधीच जी वाट होती तिच्यातूनच वायर घेतली, भोवती रबर बसवलं, वर सिलिकॉन भरलं. वायर आत शिरण्याआधी तिला खाली मुद्दाम झोल दिला. मी विचारलं हा लोंबकळतोय कशाला, तर हातानं खूण करून दाखवलं, की पाणी वायरवरून येतं आणि त्या झोलाच्या टोकावरून गळून जातं, आत जात नाही. केवढीशी गोष्ट! मी ती बघतच राहिले.

आणि स्पीकरांची तोंडं ह्यांनी खाली केली. बाहेर नाही, समोर नाही, छपराखाली जिथे माणसं बसणार त्या चटईकडे. "आवाज पायाशी पडला पाहिजे," म्हणाले. जन्मभर ज्यांनी आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचवला, ते आता तो चटईवर अडवायला बघत होते. पाठ दुखत असताना त्या छपराखाली आडवं होऊन स्क्रू पिळणारा तो माणूस बघून मला वाटलं, ह्याच्याशी पैज लावणारी मी कोण?

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास चाचणी झाली. कंपाउंडात टॉवरची दहा-बारा माणसं जमली. जावयानं बटण दाबलं. गाणं सुरू व्हायच्या आधीच मला एक शिटी ऐकू आली. बारीक, सरळ, न थांबणारी, कानाशी डास घोंघावतो तशी. गाणं लागलं, तरी ती त्याच्यामागे होतीच. गाणं थांबलं तेव्हा तर नुसती तीच उरली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे डोळे मिटून ऐकत होते, चेहरा उजळला होता, ओठांवर हसू. शिटी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

मी जावयाकडे पाहिलं. त्याची भुवई वर गेलेली होती. त्यानं लेकीकडे पाहिलं, लेकीनं जमिनीकडे. सेक्रेटरी म्हणाले, "वा, काका, या वयात कमाल केलीत!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे हे असंच आहे. म्हाताऱ्या माणसानं मन लावून काही केलं की त्यात खोट काढायची नाही. त्यातून जावयानं सासऱ्याच्या कामाला नाव ठेवायचं म्हणजे तर विचारूच नका. एका वाक्याचं काम होतं. पैज जिंकायला मला एवढंच म्हणायचं होतं, "अहो, शिटी वाजतेय." मी ते म्हटलं नाही. त्यांचा तो चेहरा मी गाळा बंद झाल्यापासून पाहिला नव्हता.

पुढच्या शनिवारी आम्ही चौघं अलिबागच्या पुढे एका वाडीत गेलो. नारळी-पोफळीची वाडी, पलीकडे समुद्र, आणि मालकीणबाईंनी ट्रेलर उभे करायला ठेवलेली मोकळी जागा. आम्हा दोघांना झोपायला त्यांच्याच घरात एक खोली. दुपारी पोचलो. जावई खुंट्या ठोकत होता, लेक सामान काढत होती, आणि आमचे हे गायब. बघते तर वाडीच्या कुंपणाबाहेरच्या घरांत फिरतायत. एका दारात उभे, दुसऱ्या दारात उभे. कुणी आजारी आहे का? तान्हं आहे का? संध्याकाळी थोडी गाणी लावू, चालेल का? अर्ध्या तासानं परत आले आणि जावयाला म्हणाले, "त्या कौलारू घरात बाळंतीण आहे. ट्रेलर थोडा तिरका कर." ट्रेलर उभा करून झाला होता. जावयानं निमूटपणे खुंट्या काढल्या आणि तो तिरका केला.

संध्याकाळी छप्पर पसरलं, चटई टाकली, मी बांगडे तळायला घेतले. ह्यांनी गाणी लावली, अगदी हलक्या आवाजात. मी मुद्दाम उठून चालून बघितलं. चटईवर उभी राहिले की शब्द न शब्द ऐकू येत होता. तीन पावलं बाहेर गेले की गाणं विरलं आणि समुद्र ऐकू आला. पुन्हा आत, गाणं. पुन्हा बाहेर, समुद्र. मी चार वेळा आत-बाहेर केलं. मालकीणबाई शहाळी घेऊन आल्या, त्या म्हणाल्या, "स्पीकर लावलाय होय? मला वाटलं नुसते बसलाय." एखाद्या साउंडवाल्याला याहून मोठी शाबासकी काय असते? अशा ट्रेलरना बाहेरचे स्पीकर नकोत असं ज्यांचं मत आहे, त्यांना मी त्या चटईवर आणून उभं केलं असतं. मीही त्यांच्यातलीच होते.

पण शिटी होती. चटईवर बसलं की ती कानात शिरायची आणि निघायची नाही. लेकीनं खुर्ची दूर नेली, म्हणाली इथे डास आहेत. जावई दर दहा मिनिटांनी पाय मोकळे करायला समुद्राकडे जात होता. हे एकटे चटईच्या मधोमध, तृप्त. माझ्याकडे बघून हळूच एक बोट हलवलं. एकही तक्रार नाही, असा त्याचा अर्थ. मी तव्यावरचा बांगडा उलटला.

लेक ताट घ्यायला माझ्याकडे आली आणि कानाशी लागली. "आई, बाबांना काही सांगू नकोस हं. त्यांना वाईट वाटेल. आपण मुंबईला गेलो की हा एकाला बोलावून गुपचूप सगळं काढून दुसरं बसवून घेईल. बाबांना कळणारही नाही." तिचं चूक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढाच तिचा विचार. बापावर जीव आहे तिचा.

माझं मात्र डोकं फिरलं. त्यांना कळणार नाही? जो माणूस रबर कुठल्या बाजूनं बसवलं हे झोपेत सांगेल, त्याच्या कामावर परका हात फिरवायचा, आणि त्याच्यासमोर वा वा करायची? तक्रार केली तर मन दुखेल म्हणून त्याला सगळ्यांनी मिळून म्हातारा ठरवायचा? मी लेकीच्या हातात ताट दिलं. पण त्या क्षणी मला कळलं, की मी स्वतः आठवडाभर तेच करत होते. माया म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मीही त्यांना मोडीत काढलं होतं.

सकाळी लेक-जावई समुद्रावर गेले. हे छपराखाली चहाचा कप घेऊन बसले होते, स्पीकर हलक्या आवाजात चालू. मी समोर जाऊन बसले, त्यांना माझे ओठ दिसतील अशी, आणि म्हटलं, "अहो, शिटी वाजतेय."

"कुठे?"

"स्पीकरमधून. दोन्ही. पहिल्या दिवसापासून."

त्यांनी कप खाली ठेवला. उठून स्पीकरच्या जाळीला कान लावला, उजवा, मग डावा. जावई येतोय की काय म्हणून समुद्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "आत्ता पण?"

"हो."

"कंपाउंडातही होती?"

"हो."

मला वाटलं, मी ह्या माणसाचं काय केलं हे. तोंडातून शब्द गेला होता आणि तो परत घेता येत नव्हता. मग त्यांनी बाह्या वर केल्या. "तू इथेच बस," म्हणाले. "मी हात लावीन. तू सांग, आहे की गेली."

ट्रेलरच्या पुढच्या खणात बॅटरी होती, तिथे ते वाकले. एक वायर काढली, माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, आहे. दुसरी काढली. आहे. गाणं पार बंद केलं. आहे. मोबाईल चार्ज करायचा इन्व्हर्टर बंद केला, आणि एकदम सगळं शांत झालं. मी दोन्ही हात वर केले. "गेली!"

ते तिथेच उकिडवे बसून स्वतःशीच हसले. काय झालं होतं ते त्यांनी मला सांगितलं. मंडपात सगळ्यांची अर्थिंग एकाच लोखंडी खांबाला बांधायची, ही जन्माची सवय. इथेही त्यांनी इन्व्हर्टरची आणि स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरची काळी वायर ट्रेलरच्या पत्र्याला एकाच बोल्टवर आवळली होती. इन्व्हर्टरची कुरकुर त्या बोल्टवरून सरळ स्पीकरात जात होती. "मंडपवाल्याची चूक," म्हणाले. "ट्रेलरवाला कधी करणार नाही." त्यांनी स्पीकरची वायर बोल्टवरून सोडवली आणि थेट बॅटरीला नेली. इन्व्हर्टर चालू केला. माझ्याकडे पाहिलं. मी कान देऊन ऐकलं. गाणं होतं, समुद्र होता, बाकी काही नव्हतं. वीस मिनिटांत काम झालं. त्यांचे हात तेच होते, डोकं तेच होतं, तेवढा एक बारीक आवाज मी त्यांना पुरवला होता.

जावई परत आला, चटईवर बसला, आणि एकदम थबकून वर बघायला लागला. "बाबा, काही केलंत का?" "तक्रार आली होती," हे म्हणाले. "तू केली असतीस, तर कालच झालं असतं." जावयाची मान खाली गेली. ह्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला खणाजवळ नेऊन तो बोल्ट दाखवला.

पैजेचा विषय मी काढला नाही. घरी आल्यावर मंगळवारी सकाळी ह्यांनीच चपला घातल्या आणि म्हणाले, "चल परळला. शब्द दिलाय." डॉक्टरांकडे हे एखाद्या गिऱ्हाइकासारखे बसले नाहीत. मशीन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, त्याचा माईक कुठे, बॅटरी किती चालते, कुठला आवाज किती वाढवणार, सगळं विचारलं. डॉक्टर कंटाळले. मला इतका अभिमान वाटत होता, की मी खिडकीबाहेर बघत बसले.

मशीन तयार होऊन कानात बसलं तो दिवस सांगते. दुपार होती, घरात आम्ही दोघंच. ते हॉलमध्ये पेपर वाचत होते. मी ओट्याशी होते. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की आता ओरडायचं नाही, साधं बोलायचं. मला साधं बोलणं कुठे येत होतं? तरी मी आपलं हळूच विचारलं, "चहा टाकू का?"

पेपरचा आवाज थांबला. ते उठून स्वयंपाकघराच्या दारात आले.

"परत बोल."

"चहा टाकू का, म्हटलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते. त्यांना रडताना मी त्यांची आई गेली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर कधी नाही.

"तुझा आवाज म्हातारा झालाय गो," ते म्हणाले. "कधी झाला?"

मी गप्प झाले तेव्हाचा माझा आवाज त्यांच्या कानात तसाच राहिला होता, आणि मधली वर्षं त्यांना एकदम ऐकू आली होती. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या आवाजाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

"बोल ना," ते म्हणाले. "थांबू नको."

मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलत सुटले. भाजीवालीची सून, पाण्याची वेळ, लेकीची कंबरदुखी, नवव्या मजल्यावरचं ठरलेलं लग्न आणि मोडलेलं लग्न. ते दाराची चौकट धरून ऐकत होते. चहा त्या दिवशी झालाच नाही.